कडकरावांची पावती

कडकराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. परदेशातल्या त्या लाँड्रीत ते इस्त्रीला उभे राहिले आणि पहिल्याच आठवड्यात धुलाईवाल्या मावशींनी ते बहाल केलं. या माणसाला सुरकुती म्हणून सहन व्हायची नाही. हात पुसायचा नॅपकिनसुद्धा कडक इस्त्रीचा! दुसरी खोड नंबरांची. कपडा आला, पावती फाडली की तिचा नंबर न पुसणाऱ्या शाईने कॉलरच्या आत लिहायचा, हे त्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

त्यांचा कामाचा परवाना एका वर्षाचा. तोही असा की काम इस्त्रीचंच आणि याच मालकीणबाईंकडे; शेजारच्या दुकानात नुसता झाडू मारला तरी नियम मोडला. मुदत शुक्रवारी संपत होती. पण कडकरावांनी महिनाभर आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाकला होता, आणि अर्जाची पावती जवळ असेल तर निकाल लागेपर्यंत खुशाल काम करता येत होतं. निकाल बरा लागला तर दोन वर्षांचा परवाना, आणि दोन वर्षांच्या परवान्यावर बायकोला आणता येणार होतं. वर्षभर सगळा संसार फोनवर चालला होता. त्या बिचारीने बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती.

गुरुवारी मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या ती पावती दाखवा हं. तिच्याशिवाय शनिवारपासून तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही मला."

पावती पाकिटात राहून चुरगळली होती. असला कागद बाईंच्या हातात द्यायचा? कडकरावांना ते पटेना. त्यांनी पावती टेबलावर ठेवली, वर सुती फडकं पसरलं आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर पावती काळी ठिक्कर. मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद, चटका बसला की काळा पडायचाच. सुरकुती मात्र एकही राहिली नव्हती. मावशींनी कपाळावर हात मारला.

शुक्रवारी सकाळी कडकराव ठेवणीतला शर्ट घालून परवान्याच्या कचेरीत हजर झाले.

"नंबर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

त्यांनी काळा कागद पुढे सरकवला. बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला.

"हे काय?"

"पावती. मी तिला इस्त्री केली."

"कशाला?"

"चुरगळली होती."

बाईंना हसू आवरेना, पण नियम तो नियम. पासपोर्ट आणि जुना परवाना अर्जालाच जोडलेले, आणि नुसत्या नावावरून शोधायचं तर आठ दिवस. "नंबर कुठे लिहून नाही ठेवलात?"

नाही म्हणायला कडकरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अर्ज टाकून आले त्या दिवशी कामाचा डगला चढवायला त्यांनी हाच शर्ट काढून टेबलावर ठेवला होता. शेजारी पावती होती, आणि शाईचं पेन हाताशी होतं. भर कचेरीत त्यांनी भराभर बटणं सोडली, शर्ट उतरवला आणि बनियनवर उभं राहून कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला आठ आकडे, एकेक ठसठशीत.

बाईंनी ते टाइप केले. "अहो, तुमचा परवाना सोमवारीच मंजूर झालाय. दोन वर्षं. आता इथे आलाच आहात तर घेऊनच जा."

मागची अख्खी रांग टाळ्या वाजवायला लागली. कडकरावांना शर्ट घालायचंही भान राहिलं नाही.

लाँड्रीत पोचल्या पोचल्या त्यांनी बायकोला फोन लावला. सगळं ऐकून पलीकडे मुसमुसणं सुरू झालं.

"रडतेस का गं?"

"छे," ती नाक ओढत म्हणाली. "परवाना कुठाय?"

"खिशात. जरासा दुमडलाय."

"दुमडू दे. हात लावू नका त्याला. आणि मीसुद्धा एवढ्या लांबून चुरगळूनच येईन, सांगून ठेवते."

कडकराव हसता हसता रडायला लागले. मावशींनी मात्र आधी जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.