दोनदा भरलेला फॉर्म

परदेशात उतरण्याआधी मोबाईलवर जो फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो, त्याला माझ्या माहेरी दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी वैतागले, दुसऱ्या दिवशी रडले. आता आठवलं की माझ्याच उतावळेपणाची लाज वाटते आणि आईबद्दल जे वाटतं ते शब्दांत नीट मावत नाही.

आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर निघाले होते. धाकटी बहीण सिंगापूरला असते. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली होती आणि बारशाला पाळणा आईनेच म्हणायचा, असा तिचा हट्ट होता. तिच्या सासरची मंडळी त्याच आठवड्यात परत जायची होती, त्यामुळे बारशाची तारीख हलणार नव्हती. व्हिसा आला, तिकिटं आली, डिंकाचे लाडू डब्यात गेले. राहिला होता फक्त हा फॉर्म. तो पोहोचण्याच्या आधी तीन दिवसांतच भरता येतो, याचा बाबांना भयंकर राग होता. "ज्या कामाला महिनाभर आधी हात लावता येत नाही, ते काम नीट होणार कसं?" ते मला विचारत होते, जणू काही तो नियम मीच केला होता.

बाबा भोपाळच्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाल्यावरही टाऊनशिपमधलं क्वार्टर त्यांनी भाड्याने ठेवलं आणि तिथली पद्धतही. एकाने कागदावरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने "बरोबर" म्हणायचं, मगच टिक करायची. आपलं काम आपण तपासायचं नाही. आमचे दहावीचे फॉर्म, रेशन कार्ड, गॅसची नोंदणी, सगळं या चाळणीतून गेलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ त्यांनी पाच वेळा परत पाठवलं, तेव्हा अशोका गार्डनमधला छापखानेवाला हात जोडून म्हणाला होता, "साहब, शादी है, टेंडर नहीं." पत्रिकेत एकही चूक निघाली नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

तर मी अरेरा कॉलनीतल्या माझ्या घरून लॅपटॉप घेऊन पोहोचले तेव्हा बाबांनी मला तो उघडूच दिला नाही. आदल्या दिवशी मी त्यांना स्क्रीनवर फॉर्म दाखवला होता. तेवढ्या आधारावर त्यांनी फुलस्केप कागदावर पट्टीने रकाने आखून दोन हुबेहूब फॉर्म तयार केले होते, एक त्यांचा, एक आईचा. पासपोर्ट नंबर, फ्लाइट नंबर, येण्याचं कारण, सगळं पेन्सिलीने. तिथे कुठे राहणार, या रकान्यात बहिणीचा पत्ता "क्वार्टर नंबर" अशी सुरुवात करून लिहिला होता. बाबांच्या लेखी जगातली सगळी माणसं क्वार्टरमध्येच राहतात.

"बाबा, हे सरळ टाइप केलं असतं तर आत्तापर्यंत आपण चहा पीत बसलो असतो."

"चहा होईल. आधी टॅली करू."

त्या दिवशी कागद पासपोर्टशी टॅली होईपर्यंत माझी शाळेत शिकवायला जायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. मी लॅपटॉपवर, बाबा कागद वाचायला, आई समोर खुर्चीत. बाबांचा फॉर्म झाला. मग आईचा सुरू झाला. नाव? बरोबर. जन्मतारीख? बरोबर. आईचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, पण घाईगडबडीत कोण लक्ष देतो?

"सध्या ताप, खोकला, डोकेदुखी यांपैकी काही? नाही," बाबांनी वाचलं.

बाबांनी पुन्हा वाचलं. त्यांच्या पद्धतीत "बरोबर" आल्याशिवाय पुढची ओळ नसते.

"अहो, तिथे 'हो' करा," आई म्हणाली. "काल संध्याकाळपासून ताप आहे मला. गोळ्या घेतेय."

माझं डोकंच फिरलं. "आई, परवा निघायचंय! उद्यापर्यंत उतरेल. 'नाही' लिहून टाकू, कुणाला कळणार आहे?" बोलून गेले आणि जीभ चावली. आता बाबा मला फाडून खाणार. खोटं टिक केलेला कागद हा त्यांच्या दृष्टीने गुन्हाच.

बाबांनी चष्मा काढला. मग अगदी हळू म्हणाले, "उतरेलही परवापर्यंत. अकरा वर्षं वाट पाहिलीय हिने."

माझा कानांवर विश्वास बसेना. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचा राग आला नाही. उलट ते फार जवळचे वाटले. कधी नव्हे ते त्यांना काहीतरी नियमापेक्षा मोठं वाटत होतं.

आईने मात्र मान हलवली.

"विमानतळावरचा माणूस सोडेलही मला. पण तिथून बाहेर पडल्यावर मी काय करणार? पहिलं जाऊन बाळाला उचलणार. तेव्हा मला कुणी थांबवणार नाही आणि माझ्याच्यानेही राहवणार नाही. म्हणून इथेच थांबते."

"मग कालपासून लपवलंस कशाला?" मी अजून भांडणाच्याच सुरात होते.

"जायचं होतं गं मला," आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिच्याबरोबर मीही रडायला लागले. बाबा उठून आत गेले. चहा त्यांनीच केला, भलताच गोड.

जन्मभर आम्ही या घरात इन्स्पेक्टर एकच समजत आलो होतो. तोंडाने "बरोबर, बरोबर" म्हणणारी आई म्हणजे नुसती हजेरी लावणारी, असंच मला वाटायचं. पण ती प्रत्येक वेळी खरंच तपासत होती. नाहीतर तोंडावर आलेलं ते एक "बरोबर" तिने गिळलं नसतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, आमच्याकडे तसली पद्धत नाही. कपबश्या विसळल्या.

प्रवास दहा दिवस पुढे गेला. बारसं चुकलं. आईने पाळणा म्हटला तो पलंगावर उशीला टेकून, घोगऱ्या आवाजात, मोबाईलवर. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. तिसऱ्या कडव्यात आईला खोकला आला, तेव्हा पलीकडून बहिणीने रडतरडतच ते कडवं पूर्ण केलं. बाळ झोपलेलंच होतं. फोन ठेवल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आठवडा उलटला आणि फॉर्म भरायची मुदत पुन्हा सुरू झाली. मी गेले, तर टेबलावर पट्टीने आखलेले दोन नवे कागद तयार. यावेळी मी हूं की चूं केलं नाही. बाबा वाचत गेले, आई "बरोबर" म्हणत गेली. तापाचा रकाना आला. बाबा थांबले. थर्मामीटर त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता, मला दिसत होता. सकाळपासून ताप मोजला नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं.

"ताप?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

खिशाकडे हात न नेता बाबांनी टिक केली.