अक्षता आणि राजीनामा

आमचे हे, सुभेदार हिंदुराव, पलटणीतून निवृत्त झाले आणि जयपुरातच राहिले, प्रताप नगरात. सगळा जीव इथल्या मराठी मंडळात. मंडळाचे चिटणीस ना! गणपती जवळ आला की अक्षता घ्यायच्या, स्कूटर काढायची आणि छावणीपासून थेट बगरूपर्यंत दारोदार बोलावणं करायचं. बदलीवर नव्यानं आलेल्या कुणा पोरीचे डोळे रडलेले दिसले, की घरी येऊन मला तिच्याकडे पिटाळायचे. गुडघे गेले, पण खोड काही गेली नाही.

यंदा मंडळाच्या कामात अनुश्री आली. बँकेतल्या साहेबांची मुलगी, जन्म इथलाच, पोर गुणाची. म्हणाली, काका, आता मंडळाचं ॲप केलंय, आमंत्रणं त्यावरूनच जातील. तुम्ही उन्हात फिरू नका, चिटणीस तुम्हीच राहा. ह्यांचं तोंड उतरलं, पण "बरं, करा" म्हणाले.

दुपारी तिनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'हिंदुरावकाकांचा राजीनामा मिळाला. खूप आभार.'

मी म्हटलं, अहो, राजीनामा कधी दिलात? थांबा, फोनच लावते तिला. हे म्हणाले, नको, लोकच विचारतील. मग फोन मांडीवर घेऊन बसले. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, अंगठे दाखवले. अंगठाच दाखवला मेल्यांनी! ज्या आनंदरावांच्या बायकोच्या आजारपणात हे दवाखान्यात बसून राहिले, त्यांनीही पुष्पगुच्छाचं चित्र पाठवलं. दिवेलागण झाली तरी फोन एकाचाही आला नाही.

सकाळी मी अनुश्रीला बोलावून चांगलं झापलं. पोर भांबावून गेली.

"काकू, मतलब... राजीनामा म्हणजे राजी होणं ना?"

कपाळ माझं! इकडे हिंदीत भांडण मिटून दोघं राजी झाले की राजीनामा झाला असंच म्हणतात. माझा राग गळून गेला. ती रडतरडत म्हणाली, आत्ता दुरुस्त करून टाकते. ह्यांनी तिला फोन खाली ठेवायला लावला.

"राहू दे, पोरी. लिहिताना तू चुकलीस. वाचणाऱ्यांनी बरोबरच वाचलं, आणि एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही."

त्यानंतर ह्यांनी खरोखरच राजीनामा दिला.

गणपतीचं आमंत्रण आमच्याही फोनवर टुंग करून आलं. मी सवयीनं अक्षतांची वाटी भरून ठेवली होती, ती तशीच देवापुढे सारली. आरतीच्या दिवशी मी साडी नेसून तयार झाले आणि म्हटलं, निघायचं ना?

हे खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "बोलवायला कुठं कोण आलंय?"