मस्तानबीच्या हातचा चुडा

खरं सांगते, मस्तानबी मनियारणीवर मी वीस वर्षं जळले. जळण्यासारखं तिच्यापाशी होतं तरी काय? उदगीरच्या चौकात बांगड्यांचं, पत्र्याचं हातभर दुकान. समोर माझं, काचेचं, आरशा-पंख्यासकट, माझ्या नवऱ्यानं, भीमाशंकरनं हौसेनं थाटून दिलेलं. पण गिऱ्हाईक? समदं तिच्या दारात!

तिचा हातच तसा होता. खुरपं धरून राठ झालेला पंजा असला तरी ती आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचं मांस दाबून आत मुडपायची, "हात ढिला सोड गं माय, माहेर कुठलं तुझं?" म्हणत बोलण्यात गुंतवायची, आन् तेवढ्यात बांगडी मनगटात! माझ्याकडं डझनात तीन वाढायच्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणतात. पण नवरीच्या हाताला रक्त आलं की आयाबायांची तोंडं बघवत न्हाईत.

आन् चुडा भरून झाला की नवरीनं भरणारीच्या पाया पडायची रीत. आमच्या लिंगायताच्या पोरी तिच्यापुढं वाकायच्या अन् माझ्या अंगाचा भडका उडायचा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणायचा, "आधी तुझ्याच्यानं बांगडी तर चढू दे!" मेला!

त्यात चाकूरच्या लग्नानं कहर केला. माझी सख्खी नणंद सरजाबाई, तिच्या मंजुषाचं लग्न. घरची मामी बांगड्याचं दुकान घालून बसलेली, तरी चुड्याला सांगावा कुणाला? मस्तानबीला! लग्नाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ती आली. संगं तिचा थोरला लेक मौलाली, दोन लेकरांचा बाप, बांगड्यांची पेटी घेऊन. दिवसभर तो रंग काढून आईच्या हातात देत होता. मी कोपऱ्यात बसून मोबाइल काढला आन् तिच्या हातांचं गुपचूप शूटिंग केलं. घरी बघून बघून तिची कळ शिकायची होती मला.

त्याच बुधवारी दुपारी लांबच्या एका शहरात बाँबस्फोट झाला. माणसं मेली. आम्ही टीव्हीसमोर बसून हळहळलो, मस्तानबीनं तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं न्हाई. महिन्यानं तपासवाले आले आन् मौलालीला घेऊन गेले. त्यानं आपल्या नावावर सिमकार्ड काढून मावसभावाच्या दोस्ताला दिलं होतं, ते तिथं वापरलेलं निघालं. तपासवाल्यांचं म्हणणं, त्या बुधवारी मौलाली स्वतः तिकडं होता.

पेपरात त्याचा ह्यो मोठा फोटो. मग काय विचारता! त्यांच्या गल्लीतल्या पोरांना लातुरात क्लाससाठी कुणी खोली देईना. गल्लीतल्या हमालांना धान्याच्या मोंढ्यात काम मिळेना. त्यांच्यातलेच लोक मस्तानबीच्या घरी जायला भ्यायला लागले, आपलंही नाव येईल म्हणून. आमच्या बाया तर तिच्या दुकानावरून पदर सावरून, तोंड फिरवून जायच्या. जायच्या कुठं? माझ्याकडं! मी खूश झाले. हो, झाले, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मस्तानबी माझ्या पायरीशी आली. आत गिऱ्हाइकं बसलेली, म्हणून बाहेरच उभी राहिली.

"सिंधु, चाकूरला तू होतीस. सरजाबाई म्हणती, पोलिसाचं लचांड नको, आम्हाला आठवत न्हाई. लग्नाचा व्हिडिओवाला दुसऱ्या दिवशी आला. तू तर बघितलंस न्हवं माझ्या पोराला? वकिलापुढं एवढंच सांग, माय."

मोबाइल माझ्या गल्ल्यावरच पडला होता.

"गडबडीत कोण कुठं होतं, माझ्या काय ध्यानात हाय, मस्तानबी?" मी म्हणले. ती गेली आन् मी पुढल्या बाईचा हात धरला.

अकरा महिने गेले असे. रोज दुपारी ते शूटिंग लावून मी तिची बोटं बघायची. मौलालीचं तोंड मधी मधी यायचं, ते पुढं सरकवायची. एक दिवस माझी लेक आरती मागं येऊन उभी राहिली.

"आई, हा मौलालीभाई न्हवं? आन् ही तारीख?" तिनं माझ्याकडं बघितलं. पोटच्या पोरीनं तसं बघितलेलं कुठल्याच आईला सोसत न्हाई. "उद्या तू वकिलाकडं गेली न्हाईस तर मी जाते."

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. वकिलाकडं मस्तानबी आधीच बसलेली, निम्मी झालेली. वकिलानं शूटिंग लावलं. तिनं आपल्या हातांकडं बघितलंसुद्धा न्हाई. मौलाली दिसला की बोट लावून थांबवायची, परत मागं न्यायची. "तवा अंगानं भरला होता," एवढंच म्हणाली.

वकील म्हणाला, "हे सुरुवातीलाच मिळालं असतं, तर एवढे दिवस आत राहिला नसता तो."

मस्तानबी माझ्याकडं वळली. "कधीपासून हाय तुझ्याकडं?"

"चाकूरपासून."

"कशाला काढलं होतंस?"

"तुमचा हात शिकायला. जळत होते तुमच्यावर." मस्तानबी पदर तोंडावर घेऊन बसली.

शूटिंग तपासून झाल्यावर मौलालीला जामीन मिळाला, पुढं खटल्यातून त्याचं नावही काढलं. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी. कोण वाचतंय? तो घरी आला, पण दार वाजलं की अजून उठून आत जातो. मस्तानबीचं दुकान बंदच हाय. मी गिऱ्हाइकांना म्हणते, तिला बोलवा, तर म्हणतात, "कशाला बाई, सासरकडचे नावं ठेवतील."

आन् ती काय करून राहिली म्हाईत हाय? भेटेल त्याला सांगती, "सिंधुनं सोडवलं माझ्या लेकराला." अकरा महिने मी ते दाबून ठेवलं, त्याचा शब्द न्हाई. एका शब्दात अख्खं उदगीर माझ्या तोंडावर थुंकलं असतं. परवा मोंढ्यात माझ्या एका गिऱ्हाइकानं, गंगम्मानं, माझा हात धरून सांगितलं, "किती मोठ्या मनाची गं तू!" मी मान हलवली. घरी येऊन रात्रभर जळत पडले. कारण मोठं मन कुणाचं, ते मला ठावं हाय, आन् ते काही कुठल्या मोबाइलात बघून शिकता येत न्हाई.