मंजूर झालेली पाचवी खोली

शाळेत सगळे तिला मावशीच म्हणत, मुख्याध्यापिका बाईसुद्धा. वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, घंटा द्यायची, पावसात गळक्या छताखाली बादल्या लावायच्या, असं करत तिने सव्वीस वर्षं काढली होती. त्याआधी हेच काम तिची आई करायची. शाळेला चार खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा. जिल्हा लहान, गाव त्याहून लहान. सरकारकडून दुरुस्तीचे पैसे मिळायचे ते पटसंख्या बघून, आणि इथला पट चाळिसाच्या वर कधी गेलाच नाही. बाई दर वर्षी अर्ज पाठवत, आणि दर वर्षी तो यादीच्या तळाशी जाऊन बसे.

त्या वर्षी मात्र मंजुरीचं पत्र आलं. बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"मावशी, आपल्या खोल्या किती?"

"चार. का हो?"

"इथे लिहिलंय, खोली क्रमांक पाच. छताची तुळई बदलणे, भिंतींची दुरुस्ती. बाकी चार खोल्यांचं नावसुद्धा नाही."

"चुकून आलं असेल. कळवून टाका."

"कळवलं की पैसे गेले दुसऱ्या शाळेला. इतक्या वर्षांनी हातात आलेलं परत पाठवू?"

चार दिवसांनी खात्याचे इंजिनिअर मोजमापाला आले. पत्र बघून हसले. "खोली दाखवा, उद्यापासून काम सुरू."

मावशी दारात झाडू घेऊन उभी होती. बोलू की नको, असं करत शेवटी म्हणाली, "साहेब, हसू नका. चारही खोल्या झाडल्या तरी व्हरांड्याएवढी लांबी भरत नाही. रोज काहीतरी उरतं. मला वाटायचं, माझाच अंदाज चुकतोय."

साहेबांनी टेप काढली. बाहेरून शंभर फूट. आतून चार खोल्या, भिंतींची जाडी धरून, एक्क्याऐंशी. त्यांनी पुन्हा मोजलं. एक्क्याऐंशीच.

"एकोणीस फूट गेले कुठे?" ते म्हणाले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या दारांमध्ये कोऱ्या भिंतीचा एक मोठा पट्टा होता. तिथे सूचनाफलक टांगलेला. रोज सगळे त्याच्यासमोरून जात. साहेबांनी फलक उतरवून भिंतीवर मूठ आपटली. आवाज पोकळ आला.

दुपारी गवंडी आला. चौथ्या-पाचव्या घावाला विटा आतल्या आत कोसळल्या आणि भोकातून गार हवा बाहेर आली. तिला खडूचा वास होता. भोक माणूस जाईल एवढं झाल्यावर आत उजेड पडला. सहा बाकं, ओळीने लावलेली. मधोमध तडकलेली तुळई, तिला खालून लाकडाचा टेकू. फळ्यावर तारीख, अडतीस वर्षांपूर्वीची. खाली, पट तेवीस.

कुणी काही म्हणायच्या आत मावशी आत शिरली.

"अहो मावशी, वर तुळई बघा!" गवंडी ओरडला.

तिला ऐकूच गेलं नाही. ती सरळ खिडकीकडच्या दुसऱ्या बाकापाशी गेली. खिडकी कसली, विटांनी बुजवलेला चौकोन. बाकावर अर्धवट टेकून तिने फळीखाली हात घातला. तिथे खिळ्याने कोरलेला एक खळगा होता. आता त्यात तिची करंगळीसुद्धा पुरती जाईना.

"हे मी केलंय," ती म्हणाली. मग तिने हात झटकन बाहेर काढला. "पण बाई, मी इथे कधी बसलेच नाही हो."

घरी गेली तेव्हा आई गहू निवडत बसली होती.

"आई, शाळेत पाचवी खोली होती?"

आईचे हात थांबले. "उघडली का?"

आईने सगळं सांगितलं. मधल्या मोकळ्या जागेत ती खोली सगळ्यांत शेवटी बांधलेली, म्हणून पाचवी. तुळई तडकल्यावर तेव्हाचे गुरुजी तीन वर्षं अर्ज करत राहिले. उत्तर एकच, पट कमी, निधी नाही. एखादं पोर दबून मेलं तर, या धास्तीने त्यांची झोप उडाली. शेवटी सुट्टीत त्यांनी दार-खिडक्या बुजवून घेतल्या आणि मुलांना सांगितलं, खोल्या चारच होत्या.

"प्लास्टरवर चुना मीच मारला. तू पहिलीत होतीस. आठ दिवस रडलीस, आमचा वर्ग कुठे गेला म्हणून. सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मीपण. नवव्या दिवशी तू विचारायचं बंद केलंस."

"आणि गावातली मोठी माणसं?"

"पहिल्यांदा गप्प बसली. मग विसरलीच."

गुरुजींचा तो जुना अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत पडून होता. फायली संगणकावर चढवताना तोही चढला, आणि सगळ्यांत जुनी धोकादायक खोली म्हणून यादीत पहिला आला. गुरुजींना जाऊन वीस वर्षं झाली होती.

दोन महिन्यांत नवी तुळई, नवं छत, नवं दार झालं. उरलेल्या चार खोल्या गळतच राहिल्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला उत्तर आलं की या शाळेची दुरुस्ती झालेली आहे. आता पाऊस आला की चारही इयत्ता त्या एका खोलीत दाटीवाटीने बसतात. मुलांना मजा वाटते.

मावशी ती खोली सगळ्यांत आधी झाडते, दाराला दगड लावून. तिला अजूनही काहीच आठवत नाही. तिच्या आठवणीतला पहिलीचा वर्ग टोकाच्या खोलीतच भरतो. त्या वर्गातल्या मैत्रिणी, छडी, खिडकीतून दिसणारी टाकी, सगळं लख्ख.

एका रविवारी आईच्या केसांना तेल लावताना तिने विचारलं, "आई, असं आणखी काही आहे का गं? मी विसरलेलं?"

आईने तेलाच्या बाटलीला टोपण लावलं.

"तेल पुरे," म्हणाली, आणि डोकं काढून घेतलं.