धुळ्यात नसलेली शाळा

माझी मुलगी धुळ्याला वसतिगृहात राहून शिकते, असे मी धरणगावच्या आमच्या माणसांना कित्येक दिवस सांगत होतो. खरे तर ती जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरीच शिकत होती. त्याआधी शाळेत असताना दप्तर, डबा, गृहपाठ, यांतले काही ना काही तिच्याकडून रोज राहून जाई, आणि शाळेतून ती रडवेली परते. अखेर पत्नीने तिला घरी शिकवायला घेतले. मला त्याची लाज वाटे. पाहुणे आले की मी मुलीला मागच्या खोलीत बसायला सांगे. ती मुकाट्याने जाऊन बसे.

पत्नीची रीत साधी होती. करायचे ते उजव्या हाताला, झालेले डाव्या हाताला. मध्ये, समोर, एका वेळी एकच वस्तू. त्या रीतीने मुलगी हळूहळू भागाकार करू लागली, स्वतःचे कपडे घडी करून ठेवू लागली. पत्नीच्या त्या धीराचे उपकार मी आज मनोमन मानतो. तेव्हा मात्र बाहेर खोटेच सांगत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात धरणगावी भावाच्या शेतात भरिताचा बेत ठरला. "ती येणार नसेल, तर मीही येत नाही," पत्नी म्हणाली. आम्ही तिघेही गेलो; मुलगी सुट्टीला आली आहे, असे मी तिथे सांगितले.

कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजण्याचे काम मुलीने आपणहून घेतले. टोचलेली वांगी उजवीकडे, भाजून झालेली डावीकडे. एकही करपले नाही. माझी थोरली बहीण शेजारीच लाकडी बडगीत ती ठेचत होती. तिने हसत विचारले, "धुळ्यानी शाळामा वांगं भुंजाले बी शिकाडतस का वं?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मग जाळाकडे बघत म्हणाली, "हो, आत्या."

मी जिला लपवले, ती मला सांभाळून घेत होती.

"धुळ्याला तिची कुठली शाळाच नाही, आक्का," मी म्हणालो. "ती घरीच शिकते, आईजवळ. मी तुम्हा सर्वांशी खोटे बोललो."

आक्काचा हात थांबला. "मंग आमनापाईन लपाडं कसाले, भाऊ?"

उत्तर आधी मुलीला द्यायचे होते. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"बेटा, मला तुझी लाज वाटत होती, ती माझी चूक. तुला मागच्या खोलीत बसवले, आज खोटेही बोलायला लावले. मला माफ कर."