पाच कॅसेट आणि पगारेंचं मत

"मॅडम, हा बेडकाचा गेम बंद करा," पगारे म्हणाले आणि त्यांनी जॉयस्टिक टेबलावर ठेवून दिली.

टीव्हीवरचा बेडूक रस्ता ओलांडताना तिसऱ्यांदा ट्रकखाली सापडला होता.

"का? अवघड जातोय?"

"अवघड नाय. वरनं चेपतंय ना, ते बघवत नाय."

मी कॅसेट काढली. पगारेंचा उजवा हात तीन महिन्यांपूर्वी पॉवर प्रेसखाली सापडला होता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. सातपूरच्या कारखान्यांतले कामगार आमच्याकडे यायचे. त्यांत हाताच्या केसेस फार. अशोक पगारे त्यांतलेच एक. वय चौतीस, मूळ गाव सायखेडा, राहायला सातपूरजवळच्या एका कॉलनीत. कंपनीत प्रेस ऑपरेटर. म्हणजे पत्रा डायवर, त्या साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पायानं पेडल दाबायचं. वरून काही टनांचा दणका बसतो आणि पत्र्याला आकार येतो. दिवसभर हेच. एकदा हात बाहेर यायला उशीर झाला.

आमच्या सरांनी, म्हणजे डॉ. सबनीसांनी, हात वाचवला होता. बोटं वाकवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, टेंडन, त्या जोडल्या होत्या. पण तर्जनी आणि मधल्या बोटाकडे जाणारी नर्व्ह, म्हणजे स्पर्शाची तार, चिरडली होती. तीही शिवली होती. टेंडन व्यायामानं कामाला लागतात. नर्व्हचं तसं नसतं. ती परत येते किंवा येत नाही.

पगारे व्यायाम करत नसत. माती मळायला दिली की दोनदा दाबायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या तर म्हणाले, "हे बालवाडीचं हाय." त्यांच्या मिसेस डबा घेऊन यायच्या, दाराशी थांबून मला खुणेनं विचारायच्या, कसं आहे? मी मान हलवायचे. त्या मानेला काही अर्थ नव्हता.

माझ्या दिरांनी मस्कतहून एक टीव्ही गेम आणला होता. सोबत पाच कॅसेट. घरात आठवडाभर दंगा झाला आणि मग तो कपाटात गेला. तो मी डिपार्टमेंटला आणला आणि जुन्या ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्हीला जोडला.

सर दारातूनच मला म्हणाले, "दाणी, हे डिपार्टमेंट आहे की जत्रा?"

"महिनाभर बघू द्या, सर."

मी एक वही केली. कोणता गेम, किती मिनिटं, किती पॉइंट. शेवटचा रकाना 'पेशंटचं मत'. तो रकाना कुठल्याही पुस्तकात नाही. पगारे एरवी तोंड उघडत नसत, गेमवर मात्र बोलायचे, म्हणून मी तो घातला.

दोन पट्ट्या आणि मधे चेंडू असा एक गेम होता. पहिल्या दिवशी तोच दिला. मत: "बरा हाय. हरलं तरी कोणी मरत नाय."

दुसरा किड्यांचा. वरून किड्यांच्या रांगा उतरतात, खालून गोळ्या मारायच्या. जितके मारू तितके उरलेले जोरात येतात. तो त्यांना अजिबात आवडला नाही. "हा आमच्या सुपरवायझरनं बनवलेला दिसतोय. आज जास्त माल काढला की उद्यापासून तेवढंच टार्गेट." तरी खेळायचे. रोज थोडे पुढे जायचे.

भुलभुलैयात ठिपके खात फिरायचं आणि मागे चार भुतं, असा तिसरा. मोठा ठिपका खाल्ला की भुतं थोडा वेळ घाबरून पळतात. पगारे म्हणाले, "एवढ्यासाठी ती टिकल्यांची मजुरी कोण करणार? रस्ता पाठ झाला की संपलं." चौथा बेडकाचा. तो त्या दिवसानंतर लावला नाही.

पाचवा भिंतीचा. खाली एक पट्टी, ती गोल नॉबनं सरकवायची, चेंडू परतवायचा आणि वरच्या विटा फोडायच्या. हा त्यांचा. मनगट फिरवावं लागे म्हणून माझाही. "एका कोपऱ्यात बोगदा पाडायचा मॅडम. चेंडू वर गेला की आपोआप काम करतो. आपण फक्त उभं राहायचं." हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

सहा आठवड्यांत मूठ वळायला लागली. मनगट जवळजवळ पूर्ण फिरू लागलं. पॉइंटांचा ग्राफ काढून मी भिंतीवर लावला. सर आता बाहेरच्या डॉक्टरांना तो मुद्दाम दाखवायला आणत.

एके दिवशी किड्यांचा गेम चालू असताना पगारे सहज म्हणाले, "यात बोट लागत नाय, डोळा लागतो. बटण दाबलं का नाय ते मला बोटाला कळतच नाय. पडद्यावर गोळी सुटली की कळतं, दाबलं म्हणून."

मी ते लिहून घेतलं. मतांच्या रकान्यात. आणि पुढची कॅसेट लावली.

नंतर कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर आले. पेशंट कामावर कधी येणार, हे त्यांना हवं होतं. सर त्यांना माझ्याकडे घेऊन आले. पगारे भिंतीचा गेम खेळत होते. साहेब मागे उभे राहून बघत राहिले. चेंडू जोरात होता, पगारे एकही सोडत नव्हते.

"वा! या हाताला काय झालंय मग?" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "सर, स्पर्श अजून..."

"तुमच्याच केस समरीत स्पर्शापुढे 'रिकव्हरिंग' लिहिलंय ना?" सर म्हणाले.

लिहिलं होतं. बोटाच्या मुळाशी थोडं कळायला लागलं होतं, म्हणून लिहिलं होतं. टोकाशी काहीच कळत नव्हतं. ते मी वेगळं लिहिलं नव्हतं.

"लाइट ड्युटी देता येईल का?" मी विचारलं.

"लाइट ड्युटी आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. "फिट असेल तर प्रेसवर. नसेल तर तसं सांगा, आम्ही मोकळे." मग पगारेंकडे वळून, "काय पगारे, जमेल?"

पगारेंनी नॉब सोडला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"जमंल साहेब."

त्याच दिवशी सरांनी फिटनेस सर्टिफिकेटवर सही केली. ग्राफची कॉपी सोबत जोडली. माझ्याच अक्षरातली. दारात पगारेंच्या मिसेस उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

मी पगारेंना बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्हाला टोकाला काही कळत नाही. तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"अनफिट म्हणजे घरी बसा, मॅडम. तुम्हाला काय वाटलं?"

मी त्यांना, जपून काम करा, असं सांगितलं. लोकांना सांगायला हे वाक्य फार सोपं पडतं.

पाच आठवड्यांनी ते परत आले. वॉर्डात. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. तीच दोन बोटं. आम्ही तीन महिने ज्यांच्यावर मेहनत केली ती.

मी कॉटजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांचे डोळे छताकडे होते.

"हात बाहेर काढला होता मॅडम," ते म्हणाले. "मला वाटलं, काढलाय. पत्र्याला बोट टेकलेलं होतं ते कळलंच नाय. पेडल दाबलं."

मिसेस पायथ्याशी उभ्या राहून चादर सारखी करत होत्या, एकच बाजू, पुन्हा पुन्हा.

सरांच्या केबिनमध्ये मी वही उघडून बटणाबद्दलची ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"हे समरीत का नाही आलं?"

"मला ती गेमबद्दलची गंमत वाटली, सर."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "सही माझी आहे." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कंपनीनं हलगर्जीपणा कामगाराचा ठरवला. माणूस फिट होता, कागद आहे. नुकसानभरपाईच्या केसमध्ये पगारेंच्या वकिलानं मला बोलावलं. मी वही घेऊन गेले आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते हो लिहून घेतलं गेलं. भरपाई मिळाली, नोकरी गेली. पगारे कुटुंबासह सायखेड्याला भावाकडे गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

पगारेंच्या केसनंतर मी एक नियम पाळला. शेवटच्या दिवशी पेशंटला डोळे मिटायला लावायचे, कापसाचा बोळा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा आणि जे कळत नाही ते समरीच्या पहिल्या ओळीत लिहायचं, खाली रेघ मारून. हात काय करतो ते नंतर. या पहिल्या ओळीमुळे पुढच्या वीस वर्षांत माझे बरेच पेशंट अनफिट ठरले. काहींनी माझ्यासमोर हात जोडले, काहींनी शिव्या दिल्या. मी ओळ बदलली नाही. त्यांतला एकही त्याच हाताची दुसरी जखम घेऊन माझ्याकडे आला नाही. घरी बसून त्यांनी पोट कसं भरलं, ते विचारायला मात्र मी कुणाकडे गेले नाही.