पहिल्या नंबरचं गाणं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आज इथे आखातात, अल कुसैसच्या घरी नातीने मोबाइलवर एक जुनं इंग्रजी गाणं लावलं आणि मी काठीसकट नाचलो.

साठच्या दशकात मी विलायती जहाजावर साहेबांच्या केबिनी झाडायचो. तिथल्या रेडिओवर भर समुद्रातल्या एका बोटीवरून चालणाऱ्या बेकायदा केंद्राची गाणी लागत. आठवड्याच्या यादीत कुठलं गाणं कितव्या नंबरावर, ते मी खाली भटारखान्यात येऊन गाऊन सांगायचो. आमच्या रत्नागिरीच्या आचारीचाचांशी पैज लागली: ज्याचं गाणं मागे पडेल त्याने मिशी उतरवायची. पहिलं त्यांचं आलं. मी खाली येऊन माझं आल्याचं सांगितलं.

चाचा मिशीविना परात वाजवत नाचले. "आता तुझी चाची मला घरात घेईल काय रे?" हसून आमची पोटं दुखली.

पुढे सुट्टीत भेटलो, तेव्हाही ते कौतुकाने माझंच गाणं गुणगुणले. मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. आता ते नाहीत. चाचा, माफ करा, पहिलं तुमचंच होतं.